कमानीत न बसणारी लढाई

गेल्या सालच्या उन्हाळ्यात आमच्या गावात कमानीची बैठक झाली. गाव हदगाव तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण अशा बैठका आता गावोगाव होतात आणि एकट्या आमच्या गावाची बदनामी करून मला काही मिळवायचं नाही. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली होती. ठेकेदारीत पैसा कमावलेला एकजण निम्मा खर्च देणार, उरलेली वर्गणी. कमानीवर फायबरचा डोंगर, डोंगरावर तिरंगा रोवणारे फायबरचे जवान आणि खाली ठळक अक्षरं : 'कारगिल शहीद प्रवेशद्वार'.

आमच्या गावातून कारगिलला एकही माणूस गेला नव्हता. श्रीलंकेला तिघं गेले होते. एक आला नाही, एक पाय ठेवून आला, एक धडधाकट आला.

मी उठून एवढंच म्हणालो, "कमान करा, पण त्या तिघांचा उल्लेख टाका." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कमिटीतला एक तरणा पोरगा, माझाच विद्यार्थी, म्हणाला, "सर, ती काय लढाई हाय का? ती तर शांतिसेना व्हती." दुसऱ्यानं पुस्ती जोडली, "आन् आपण तिथं जिंकलो बी नाही." चहा आला. विषय संपला.

त्या पोराला तिथं उत्तर देता आलं नाही. घसा दाटला होता. ते उत्तर इथं लिहितो आहे.

कारगिलच्या पोरांबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द जाणार नाही. 1999 च्या त्या उन्हाळ्यात 527 जवान गेले. त्यांच्या नावानं शंभर कमानी झाल्या तरी माझी तक्रार नाही. पण आकडा हीच लढाईची परीक्षा असेल तर श्रीलंकेत 1987 ते 1990 या काळात सुमारे 1,200 जवान गेले. कारगिलच्या दुपटीहून जास्त. जखमी तीन हजारांच्या वर. आणि परमवीर चक्र काही कवायतीसाठी देत नाहीत. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना ते मिळालं, मरणोत्तर. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचा हा अधिकारी. 25 नोव्हेंबर 1987 ला झडतीवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी पोरांना घेऊन हल्लेखोरांना मागून घेरलं. झटापटीत छातीत गोळी लागली. ज्यानं गोळी घातली त्याचीच रायफल हिसकून त्याला लोळवलं आणि जीव जाईपर्यंत हुकूम देत राहिले. माणूस मुंबईत जन्मलेला तमिळ, हाताखाली महार रेजिमेंटचे जवान, समोर तमिळ वाघ. ही लढाई नव्हती तर काय होतं, बाबा?

आता जिंकण्याचं. करार कुणी केला? 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना तिथल्याच एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तेव्हाच कळायला पाहिजे होतं की तिथं आपल्यासाठी पायघड्या नाहीत. ज्या वाघांकडून हत्यारं काढून घ्यायची होती, त्यांना हत्यारं चालवायला काही वर्षांआधी आपल्याच देशात शिकवलं होतं. त्यांच्या हातात एके-47, आपल्या पोरांच्या हातात जुनी एसएलआर. धड नकाशे नव्हते. काही दिवसांत काम उरकेल असा वरच्यांचा अंदाज होता. उरकायला बत्तीस महिने लागले आणि तरीही उरकलं नाही. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरवलेली शीख लाइट इन्फंट्रीची एक तुकडी सकाळपर्यंत झुंजली. एकच जण जिवंत राहिला, तोही पकडला गेला. यातला कुठला निर्णय जवानानं घेतला होता? हरलं असेल तर दिल्ली हरली. हरल्याची सजा मात्र आमच्या गल्लीला.

आणि हे सगळे परत आले तेव्हा? मार्च 1990 मध्ये शेवटची जहाजं मद्रासला लागली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांची कारणं त्यांच्याजवळ होती, तमिळ माणूस मेला होता. पण नांदेडला रेल्वेतून उतरून, एसटीनं हदगावला येऊन, तिथून पायी गावात येणाऱ्या माणसालाही कुणी हार घातला नाही. त्याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

पाय ठेवून आला तो माझा थोरला भाऊ. आम्ही दादा म्हणतो. तो कुठल्या बटालियनला होता ते लिहू नको, असं त्यानंच बजावलंय, म्हणून लिहीत नाही. 1982 ला तो भरती झाला. देशप्रेमानं झाला असं मी लिहिलं तर तोच हसेल. पावणेदोन एकर कोरडवाहू, त्यात पाच खाणारी तोंडं, आणि बाप दुसऱ्याच्या वावरात सालगडी. सागरच्या ट्रेनिंग सेंटरवरून त्याचं पहिलं पत्र आलं त्यात वीररस काही नव्हता. दोन्ही टायमाला पोटभर जेवायला मिळतं, एवढंच होतं. त्याच्या मनीऑर्डरीतून घरावर पत्रे आले, म्हैस आली आणि मी शिकलो. शेतकऱ्याचं पोरगं फौजेत काहून जातं, याची भाषणं ऐकली की मला ते पत्रे आठवतात. रगारगात शौर्य भिनलंय म्हणून जातात म्हणे. भिनलेलं असेल, पण वावर पाच एकर ओलिताचं असतं तर ते घरीच भिनत राहिलं असतं.

1987 ला मी नववीत होतो. त्या साली पाऊस रुसला होता. ज्वारी हातभर वाढून करपली. ऑक्टोबरात रेडिओवर जाफना, जाफना सुरू झालं. आमच्या वस्तीत एकच रेडिओ, तोही आमचा, दादानं सुट्टीत आणलेला. संध्याकाळी सगळ्या बाया अंगणात येऊन बसायच्या. मायला प्रादेशिक बातम्यांतलं निम्मं कळायचं नाही. ती फक्त आकडा ऐकायची. "किती म्हनला?" मी सांगायचो. मग ती बोटांवर काहीतरी मोजायची. काय मोजत होती ते मला लई वर्षांनी कळलं. शेवटचं पत्र कधीचं आहे, ते ती मोजायची. पत्र 56 एपीओ असा शिक्का घेऊन पंधरा-वीस दिवसांनी यायचं. म्हणजे पत्र हातात पडलं तरी लिहिणारा वीस दिवसांपूर्वी जिवंत होता, एवढंच त्यातून कळायचं. त्या साली आमच्या दोन घरांत दिवाळीचा दिवा लागला नाही. बौद्धवाड्यातली माणसं तशीही दिवाळी बेताचीच करायची, पण तेवढीही झाली नाही.

दुसरं घर वैनीचं. तिला सगळी वस्ती वैनीच म्हणते. लग्नाला तीन वर्षं, एक मुलगी. तार आली ती इंग्रजीत. पोस्टमन बिचारा तार घेऊन दारात उभा, त्याला वाचता येईना, की वाचून सांगवेना, कोण जाणे. इंग्रजी शिकणारा वस्तीत मी एकटा. मला शाळेतून बोलावून आणलं. 'रिग्रेट' या शब्दाचा अर्थ मला येत नव्हता. 'किल्ड' येत होता. मी तार वाचली आणि गप्प बसलो. वैनीनं माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता घरात जाऊन चूल विझवली. अजूनही ती मला कधी त्या दिवसाबद्दल बोलली नाही. पण माझ्या हातून कागद घेताना तिचा हात थांबतो, हे मी पाहिलंय. रेशनकार्ड असो की लग्नाची पत्रिका असो.

आज शवपेटी गावात येते. ते कारगिलपासून अंगवळणी पडलं. तिरंगा, बंदुकीच्या फैरी, पुढाऱ्यांची रांग. त्याआधी बहुतेकांच्या दारात तारच यायची. वैनीकडे दोन महिन्यांनी एक काळी पत्र्याची ट्रंक आली, पांढऱ्या रंगानं नाव-नंबर लिहिलेली, आणि अस्थींचं मडकं. ट्रंकेत दोन युनिफॉर्म, दाढीचं सामान, आणि मुलीसाठी घेतलेला नारळाच्या करवंटीचा खुळखुळा. मडकं पैनगंगेत सोडायला वस्तीतली माणसं गेली. मुख्य गावातून दोघं आले : हायस्कूलचे हेडमास्तर आणि पाटील गल्लीतल्या फौजीचा बाप. बाकीचं गाव कापूस वेचत होतं. दुष्काळात जेवढा होता तेवढा.

पेन्शनीसाठी वैनीनं किती हेलपाटे घातले, कुणी किती वेळा 'उद्या या' म्हटलं, ते लिहिलं तर हे पुस्तक पुरणार नाही. कुठल्या ऑफिसचं नावही घेत नाही, साहेब बदलत गेले आणि बरेचसे आता रिटायर आहेत. शेवटी मिळाली. ती मिळाल्यावर घरातच भांडणं लागली, तो वेगळा इतिहास आहे आणि त्यात आमचीच माणसं दोषी आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट, जी पारावर बोलली की 'सर, जात कशाला आणता मधी' असं ऐकावं लागतं. जात मी आणली नाही. ती आधीच सतरंजीवर बसली होती. 1978 च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि आमच्या या जिल्ह्यात वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं. मी पाच वर्षांचा होतो. ऑगस्टातल्या कमरेएवढ्या ज्वारीत मायनं तोंडावर पदर दाबून आम्हाला रात्रभर बसवलं होतं, तेवढं आठवतं. दादा तेव्हा पंधराचा. त्या ज्वारीतून उठलेला पोरगा चार वर्षांनी देशाचं रक्षण करायला गेला. हे वाक्य पुन्हा वाचा, एवढीच माझी शहरातल्या वाचकाला विनंती आहे. आणि 25 नोव्हेंबर ही तारीखही ध्यानात ठेवा. परमेश्वरन जाफन्यात पडले त्याला सहा वर्षं झाली, त्याच तारखेला 1993 साली नांदेडात गौतम वाघमारे या तरुणानं नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. दोन महिन्यांच्या आत, 14 जानेवारी 1994 ला, नाव मिळालं.

महार माणसाला लढायला सांगायचं आणि मग विसरायचं, ही रीत आमच्या गावानं काढलेली नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 ला 111वी महार पलटण उभी केली, आणि 1921 ला मोडूनही टाकली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं लागली. बाबासाहेबांनी जोर लावला आणि 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. श्रीलंकेत फौज पाठवली तेव्हाचे लष्करप्रमुख सुंदरजी हे मूळचे याच रेजिमेंटचे.

जाफन्याकडे सरकणाऱ्या एका ब्रिगेडमध्ये, 91 व्या, आठवी महार आणि पहिली मराठा लाइट इन्फंट्री एकत्र होत्या. शेजारी-शेजारी. दादा म्हणतो, तिथं पाण्याचा कॅन एकच असायचा आणि ज्याला तहान लागली तो तोंड लावायचा. पाटील गल्लीतला आमचा फौजी मराठा लाइट इन्फंट्रीचा. तो आणि दादा एकमेकांना 'फौजी' एवढंच म्हणतात, नाव घेत नाहीत. तो आजही रात्री आठनंतर आमच्याकडे येतो, चहा घेतो, दोघं तास-दोन तास बसतात. बरेचदा बोलतही नाहीत. पण दिवसा पारावर तो आमच्याकडे पाहत नाही. त्या दिवशीच्या कमानीच्या बैठकीत तो कमिटीत होता. पोरगा 'ती काय लढाई हाय का' म्हणाला तेव्हा त्यानं मान खाली घातली. त्याची मान खाली गेली ती मला त्या पोराच्या शब्दाहून जास्त लागली.

दादाचा पाय 1988 च्या उन्हाळ्यात वन्नीच्या जंगलात गेला. रस्त्याखाली पिंपं भरभरून सुरुंग पुरलेले असायचे. त्याच्या पुढचे दोघं जाग्यावर गेले. त्याला आधी मद्रासला, मग पुण्याला कृत्रिम अवयव केंद्रात आणलं. माय आणि मी एसटीनं पुण्याला गेलो. मायनं जन्मात नांदेडच्या पलीकडे पाहिलं नव्हतं. बाहेर झाडाखाली सगळ्या मुलखातल्या आया-बायका बसलेल्या. सातारकडची एक म्हातारी होती, तिच्या लेकाचे दोन्ही पाय गेलेले. तिनं मायला विचारलं, "कोन गाव? कितवा पाय?" दुसरं काही विचारलं नाही. माझ्या मायनं आयुष्यात पहिल्यांदा परक्या जातीच्या बाईबरोबर एका फडक्यावर भाकरी सोडली. आत वीस-बावीस वर्षांची पोरं भिंतीला धरून चालायला शिकत होती. एवढ्या वयाची पोरं पाऊल टाकताना मोजतात, एक, दोन, हे मी तिथं पाहिलं.

दादाला आज लकडी पाय आहे, पेन्शन आहे, आणि गावात 'लंगडा फौजी' हे नाव आहे. तो मेला नाही, म्हणून शहीद नाही. शहीद नाही, म्हणून कुठल्याच यादीत बसत नाही. मेलेल्याच्या फोटोला हार घालायला सोपं जातं. फोटो रात्री ओरडत उठत नाही.

आणि त्यानं सांगितलेली एक गोष्ट मी इथं लिहिणार आहे, कुणाला रुचो न रुचो. जाफन्याकडची माती लाल, विहिरी जागोजाग, घरांना ताडाच्या झावळ्यांची कुंपणं. कांदा, मिरची, तंबाखू. शेतकऱ्यांचा मुलूख. एका घराची झडती घेताना याला तहान लागली. अंगणात पाण्याची घागर होती. तो त्यातलं पाणी प्याला. बाहेर पडताना त्यानं मागं वळून पाहिलं तर त्या बाईनं घागर उचलली आणि सगळं पाणी ओतून टाकलं. "मला वाटलं आपल्या गावातच आलो," दादा म्हणाला. "मग ध्यानात आलं, हिला माझी जात कुठं ठाव? मी फौजी आहे म्हणून ओतलं." त्याच ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत, जाफन्याच्या मोठ्या दवाखान्यात आपली फौज शिरली आणि तिथले रुग्ण, डॉक्टर, नर्सा मारल्या गेल्या. साठ-सत्तर माणसं. त्या बाया कुणाच्या तरी वैन्याच होत्या. ज्याला कमानीवर नुसता फायबरचा डोंगर पाहिजे, त्याला ही घागर पाहिजे नसते. म्हणून जाफना कमानीत बसत नाही. शिखर जिंकून तिरंगा रोवला, एवढी सरळ ती लढाई नाही. तिच्यात आपण कुणाला मदत करायला गेलो आणि कुणाला मारून आलो, हे विचारावं लागतं.

आता आमच्या माणसांना दोन शब्द. दर 1 जानेवारीला आपण गाड्या भरून भीमा कोरेगावला जातो. मीही जातो. 1818 च्या त्या स्तंभावरची 'नाक' शेवटाची नावं मी बोटानं वाचली आहेत आणि ऊर भरून आला आहे. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला सलाम करून परत येताना गाडी दादाच्या दारावरून जाते, तेव्हा किती जण उतरतात? आपल्या जयंतीच्या स्टेजवर वैनीला कधी बसवलं? डीजेला लाखभर जमतात. तिच्या घराचा पत्रा तीन वर्षं गळत होता, तेव्हा वर्गणी निघाली नाही. गावानं विसरलं त्याचं मला दुःख आहे, आपण विसरलो त्याची लाज आहे.

आणि मोबाइलवर रोज लढाई पुकारणारे आहेत, त्यांच्यासाठी वेगळं काय लिहू? ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आहेत तसे आमच्या पारावरही आहेत. सीमेवर काही झालं की संध्याकाळपर्यंत 'घुसून मारा' सुरू. ज्यांच्या घरात एकही माणूस फौजेत नाही त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असतो, हे मी तीस वर्षं पाहतो आहे. दादा अशा वेळी टीव्ही बंद करतो आणि गोठ्यात जाऊन बसतो.

बैठकीनंतर आठ दिवसांनी वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्याकडे आलं. मी लिहून दिलं : 'कारगिल' च्या जोडीला 'श्रीलंका 1987–90' अशी एक ओळ आणि वैनीच्या नवऱ्याचं नाव कोरा, मी माझा एका महिन्याचा पगार देतो. पुस्तक परत गेलं. मी दादाला सांगितलं तर तो माझ्यावरच चिडला. "मपलं नाव नको टाकू कुठं. त्याचं टाक. आन् ती कमान कुठल्या रस्त्यावर हाय ते पाह्यलं का?" मी पाहिलं नव्हतं. कमान मुख्य गावाच्या रस्त्यावर आहे. आमच्या वस्तीचा रस्ता तिच्या अलीकडूनच फुटतो. वैनी बाजाराला जाताना-येताना त्या कमानीखालून एकदाही जाणार नाही.

मग पावसाळा लागला. खांबांसाठी खणलेल्या दोन खड्ड्यांत पाणी साचलं, त्यात पोरं कागदाच्या होड्या सोडायला लागली. ठेकेदार म्हणे आता दुसऱ्या गावाला पैसे देणार होता. कमिटीत भांडणं झाली.

परवा रात्री पाटील गल्लीतला फौजी आला. चहा झाला. नेहमीसारखा बराच वेळ गप्प बसला. उठताना म्हणाला, "फौजी, पुढल्या हप्त्यात बैठक हाय. या बारीला मी बोलतो."

दादानं लकडी पाय ओढून जवळ घेतला. म्हणाला, "तू बोलशील तर मी येतो. पण सतरंजीच्या कडंला बसणार नाही."

तो म्हणाला, "मपल्याजवळ बस."

बैठक अजून झालेली नाही.